दीपा कर्माकरचं करिअर नीट समजून घ्यायचंय? आधी व्हॉल्टचे मार्क वाचायला शिका

दीपा कर्माकर म्हटलं की बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात, एक म्हणजे रिओला तिचं मेडल थोडक्यात हुकलं आणि दुसरी म्हणजे ती कुठलीतरी जीवघेणी उडी मारायची. दोन्ही खरंय, पण एवढ्यावरून या बाईने नक्की काय केलं ते काडीचं कळत नाही. क्रिकेटच्या प्रत्येक बॉलचा हिशोब ठेवणारी माणसं आपण, पण जिम्नॅस्टिक्स आलं की "वा काय उडी मारली" म्हणून मोकळे होतो. म्हणून ही पद्धत लिहितेय. एक निवांत संध्याकाळ काढा, फोन किंवा लॅपटॉप घ्या, शेजारी कागद-पेन ठेवा (खरंच ठेवा, बेरीज-वजाबाकी करायचीय) आणि तिचं करिअर मार्कांमधून वाचा. खेळातलं काही माहीत नसलं तरी चालेल.

आधी काय काय शोधायचं ते. २०१४ ची ग्लासगो कॉमनवेल्थ, २०१६ चं रिओ ऑलिम्पिक, २०१८ चं तुर्कस्तानातलं मर्सिन आणि २०२४ चं ताश्कंद, या चार फायनलचे व्हिडिओ किंवा निदान मार्क. सगळ्या व्हॉल्टच्याच फायनल, म्हणजे धावत येऊन टेबलावर हात टेकून हवेत मारायच्या उडीच्या. व्हिडिओ नाही मिळाला तरी अडत नाही, मुख्य काम आकड्यांचंच आहे. शोधताना आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्स असं टाका, नाहीतर रिबन-हूपवालं रिदमिक समोर येईल. तो पूर्ण वेगळा प्रकार आहे, आपल्या ठाण्याची संयुक्ता काळे त्यातली.

आता मार्क कसे वाचायचे. जुन्या लोकांच्या डोक्यात अजून "टेन आउट ऑफ टेन" बसलंय, १९७६ ला माँट्रियलमध्ये नादिया कोमानेचीला परफेक्ट टेन मिळाले आणि स्कोअरबोर्डवर चार आकडे दाखवायची सोयच नव्हती म्हणून १.०० असं झळकलं, ती गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. ती पद्धत २००६ पासून गेली. आता दोन वेगळे स्कोअर असतात, एक डी आणि एक ई. डी म्हणजे उडी किती अवघड आहे त्याचे मार्क. व्हॉल्टमध्ये हे आधीपासून ठरलेले असतात, नियमांच्या पुस्तकात प्रत्येक व्हॉल्टपुढे आकडा छापलेला असतो, तुम्ही जो व्हॉल्ट पूर्ण केलात त्याचा आकडा तुमचा. ई म्हणजे तीच उडी किती स्वच्छ मारली. हा १० पासून सुरू होतो आणि चुकांप्रमाणे कापत जातात. छोटी चूक ०.१, मधली ०.३, मोठी ०.५ आणि पडलात तर थेट १.० गेला. जजेसपैकी सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी मार्क देणाऱ्यांचे आकडे बाजूला काढून उरलेल्यांची सरासरी घेतात, म्हणून ८.८६६ असले विचित्र आकडे दिसतात. उतरताना आखलेल्या पट्ट्याच्या बाहेर पाय गेला तर वेगळा दंड. डी अधिक ई वजा दंड, झाला तुमचा स्कोअर.

व्हॉल्टच्या फायनलला अजून एक भानगड असते, दोन उड्या माराव्या लागतात, त्याही दोन वेगवेगळ्या जातीच्या, आणि दोन्हींची सरासरी धरतात. हे लक्षात ठेवा कारण दीपाची सगळी गोष्ट या सरासरीत आहे आणि आपल्याकडच्या बातम्यांनी नेमकी तीच गाळली.

व्हिडिओ बघताना डोळे कुठे ठेवायचे? पहिल्यांदा नुसता बघून घ्या, मजा घ्या. दुसऱ्यांदा स्लो करून फक्त सुरुवात बघा. धावपट्टी जास्तीत जास्त २५ मीटर, समोरचं टेबल बायकांसाठी १.२५ मीटर उंच. धावत येऊन स्प्रिंगबोर्डवर पाय, तिथून टेबलावर हात, तिथून हवेत. टेबलावर हात कसे पडतात यावरून जात ओळखता येते. सरळ पुढे तोंड करून हात टेकले तर हँडस्प्रिंग. टेबलाकडे जाताना अंग अर्धं वळवून हात टेकले आणि मग मागच्या कोलांट्या आल्या तर सुकाहारा, जपानच्या मित्सुओ सुकाहाराच्या नावावरून. आणि बोर्डाच्या आधीच जमिनीवर हात टेकून, पाठमोरी बोर्डवर येऊन मागे टेबलावर गेली तर युरचेंको. अमेरिकेच्या सिमोन बाइल्सचे मोठमोठे व्हॉल्ट बघाल तर त्यात युरचेंकोच जास्त दिसेल. दीपा मात्र हँडस्प्रिंग आणि सुकाहाराची.

तिसऱ्यांदा फक्त लँडिंग बघा. पाय किती जवळ, गुडघे किती वाकले, पाऊल पुढे गेलं का, कंबर किती खाली गेली. हवेत काय झालं ते आपल्याला पटकन दिसत नाही पण लँडिंग कोणालाही दिसतं, आणि मार्क तिथेच बदाबदा जातात.

आता ती फेमस उडी. प्रोडुनोव्हा. रशियाच्या येलेना प्रोडुनोव्हाने १९९९ मध्ये केली म्हणून तिचं नाव. हँडस्प्रिंग मारून हवेत पुढच्या बाजूला दोन पूर्ण कोलांट्या आणि मग पायावर उतरायचं. यात अडचण अशी की पुढच्या कोलांटीत जमीन अगदी शेवटच्या क्षणापर्यंत दिसतच नाही. मागच्या कोलांटीत माणसाला उतरण्याआधी जमीन दिसते, इथे आंधळेपणाने अंदाजावर पाय उघडायचे. गती कमी पडली तर मान किंवा पाठ मॅटवर येणार, जास्त झाली तर तोंडघशी. म्हणून स्पर्धेत हा व्हॉल्ट पूर्ण करणाऱ्या बायका त्या काळात एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, प्रोडुनोव्हा स्वतः, डॉमिनिकन रिपब्लिकची यामिलेट पेन्या, इजिप्तची फदवा महमूद, उझबेकिस्तानची ओक्साना चुसोविटिना आणि आगरतळ्याची दीपा. बाइल्सनेसुद्धा हा स्पर्धेत कधी केला नाही. रिओच्या वेळी त्याचा डी स्कोअर होता ७.०, म्हणजे बाकीच्यांच्या सगळ्यात अवघड व्हॉल्टपेक्षाही बराच वर. हे घरी गादीवर ट्राय करू नका हे सांगायला लागू नये, तरी सांगते.

आता कागद घ्या. वरती लिहा ग्लासगो २०१४. दीपाचे दोन व्हॉल्ट, १३.६३३ आणि प्रोडुनोव्हाला १५.१००. सरासरी १४.३६६, ब्राँझ. जिम्नॅस्टिक्समध्ये कॉमनवेल्थ मेडल मिळवणारी पहिली भारतीय बाई. (पुरुषांत आशिष कुमारने २०१० ला दिल्लीत आधीच एक सिल्व्हर एक ब्राँझ घेतलेलं, त्याला लोक पार विसरले.) खाली लिहा रिओ २०१६, फायनल, १४ ऑगस्ट. पहिला व्हॉल्ट सुकाहारा, १४.८६६. दुसरा प्रोडुनोव्हा, १५.२६६. सरासरी १५.०६६.

आता वरचं आणि खालचं वजा करा. प्रोडुनोव्हात दोन वर्षांत वाढ किती झाली? ०.१६६. आणि दुसऱ्या, ज्याचं नाव कोणी घेत नाही त्या व्हॉल्टमध्ये? १.२३३! म्हणजे ग्लासगोची ब्राँझवाली ते ऑलिम्पिकची चौथी हा प्रवास बहुतांश त्या बिननावाच्या व्हॉल्टने झाला, पेपरात फोटो मात्र प्रोडुनोव्हाचे. मला विचाराल तर तिच्या करिअरमधलं सगळ्यात मोठं काम हेच आहे. अवघड उडी बसवायला हिंमत लागते हे मान्य पण शेजारच्या उडीत सव्वा मार्क वाढवायला दोन वर्षं रोज तेच तेच करावं लागतं आणि त्याची बातमी होत नाही.

रिओचेच मार्क अजून फोडा. सुकाहारा, डी ६.०, ई ८.८६६. प्रोडुनोव्हा, डी ७.०, ई ८.२६६. दोन्ही डी मिळून १३.०. त्याच फायनलला गोल्ड घेणाऱ्या सिमोन बाइल्सचे डी होते ६.४ आणि ६.३, मिळून १२.७. नीट वाचा परत, अवघडपणात दीपा बाइल्सच्या पुढे होती. पण बाइल्सचा ई सरासरी साडेनऊच्याही वर आणि दीपाचा साडेआठच्या आसपास. बाइल्सची फायनल सरासरी १५.९६६. मारिया पासेका सिल्व्हर १५.२५३, स्वित्झर्लंडची जुलिया स्टाइनग्रुबर ब्राँझ १५.२१६, आणि मग दीपा. प्रोडुनोव्हाचं लँडिंग बघा, पाय पडलेत पण अंग इतकं खाली गेलंय की जवळजवळ बसलीच. त्या बसण्याचे मार्क गेले.

आणि तो ०.१५०. सगळीकडे लिहिलं गेलं की ०.१५ ने मेडल हुकलं. बरोबर, पण ही सरासरी आहे ना? दोन उड्यांची बेरीज धरली तर फरक ०.३०. म्हणजे वर सांगितलेली एक मधली चूक किंवा तीन छोट्या. एखादं मोठं पाऊल, किंवा तीन बारीक हलणं. "नशीब" वगैरे म्हणणाऱ्यांना हा आकडा दाखवा, नशिबाचा भाग फार नव्हता, त्या दिवशी तिच्या दोन लँडिंगमध्ये जेवढे मार्क होते तेवढे मिळाले, आणि तरी तो तिचा तोवरचा भारी स्कोअर होता.

त्याच फायनलमध्ये ४१ वर्षांच्या चुसोविटिनानेही प्रोडुनोव्हा मारला, उतरून पुढे कोलमडली आणि सातवी आली. तोही व्हिडिओ बघाच. ७.० चा डी घेऊनही खाली कसं जाता येतं ते कळतं आणि दीपाचा ८.२६६ मग वाईट वाटत नाही.

एवढं झाल्यावर मग तिचं बालपण वगैरे वाचा, आधी नको. आधी वाचलं की सगळं "गरीब बिचारी लहान गावातली मुलगी" होऊन बसतं. जन्म ९ ऑगस्ट १९९३, आगरतळा, त्रिपुरा. वडील दुलाल कर्माकर स्पोर्ट्स ऑथॉरिटीचे वेटलिफ्टिंग कोच, म्हणजे घरात खेळ होता, अगदीच कुठून तरी उगवली नाही. सहाव्या वर्षी सुरुवात, आधी सोमा नंदींकडे, मग त्यांचे पती बिश्वेश्वर नंदींकडे, आणि तेच कोच शेवटपर्यंत. तळपाय सपाट होते, फ्लॅट फूट. आता तुम्ही वर व्हॉल्ट कसा चालतो ते वाचलंय म्हणून याचा अर्थ लागेल, धावणं, बोर्डवर आपटणं, उतरणं सगळं तळपायावर आणि तिथेच स्प्रिंग कमी. जुन्या स्कूटरच्या सामानातून सरावाचं टेबल उभं केलं ही गोष्ट तिच्या प्रत्येक मुलाखतीत असते. आपल्याकडे मल्लखांबाची पोरं गावच्या तालमीत एका लाकडावर तयार होतात तशीच जुगाडाची परंपरा तिथेही, फरक एवढाच की मल्लखांबाला लाकूडच लागतं आणि जिम्नॅस्टिक्सला फोमचे खड्डे, मॅट, स्प्रिंगबोर्ड असं सगळं महागडं सामान, ते नसताना दुहेरी कोलांटी शिकणं म्हणजे वेडेपणाच आहे खरं तर.

ऑलिम्पिकला ती पोचली कशी तेही एकदा बघा कारण तिथे लोकांचा गोंधळ होतो. देशाची पूर्ण टीम पात्र नसेल तर एकट्या खेळाडूला तेव्हा (आदल्या वर्षीच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला मेडल नसेल तर) चारही ॲपरेटसवर, म्हणजे व्हॉल्ट, अनइव्हन बार, बीम, फ्लोअर मिळून मार्क काढावे लागायचे. नुसता व्हॉल्ट भारी असून उपयोग नाही. एप्रिल २०१६ ला रिओतल्याच टेस्ट इव्हेंटला तिने ५२.६९८ केले आणि पात्र झाली, पहिली भारतीय महिला जिम्नॅस्ट, आणि कुठलाही भारतीय जिम्नॅस्ट ऑलिम्पिकला जात होता तो १९६४ नंतर थेट तेव्हा. बीम म्हणजे दहा सेंटीमीटर रुंद पट्टी, तिच्यावर नव्वद सेकंद उड्या. पुढे २०१८ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये ती याच बीमवर पाचवी आली, ते कोणाच्या लक्षातही नाही.

रिओनंतर बक्षिसांचा पाऊस. खेलरत्न २०१६ (सिंधू, साक्षी मलिक, जितू रायबरोबर), नंदी सरांना द्रोणाचार्य, २०१७ ला पद्मश्री. आणि ती बीएमडब्ल्यू, सचिनच्या हस्ते मिळालेली. आगरतळ्यात सर्व्हिस सेंटर नाही, रस्ते अरुंद, म्हणून तिने ती परत केली आणि त्या बदल्यात पैसे घेऊन साधी गाडी घेतली. इंटरनेटवर तेव्हा काहीजणांनी नावं ठेवलेली. मला तर तो पूर्ण करिअरमधला सगळ्यात व्यवहारी निर्णय वाटतो, गाडी ठेवायची कुठे आणि दुरुस्त कोण करणार हा प्रश्न घरच्यांना विचारा एकदा.

आता २०१७, इथे नीट थांबा कारण या वर्षी एकाच वेळी दोन गोष्टी झाल्या आणि दोन्ही कळल्याशिवाय पुढचे मार्क चुकीचे वाचाल. एक, उजव्या गुडघ्याचं लिगामेंट, एसीएल, गेलं आणि मुंबईत ऑपरेशन झालं. दोन, नियमांचं नवं पुस्तक आलं आणि प्रोडुनोव्हाचा डी ७.० वरून ६.४ केला. बाकीच्याही बऱ्याच व्हॉल्टचे कमी केले पण याचे जास्त कापले, धोका पत्करून नुसते मार्क गोळा करायला लोक जाऊ नयेत म्हणून. म्हणजे ज्या उडीवर तिने अख्खं गणित मांडलेलं ती एका फटक्यात स्वस्त झाली आणि तिकडे गुडघाही ती उडी सोसेना.

यावरून एक नियम पाठ करून टाका, २०१६ पर्यंतचे आणि त्यानंतरचे एकूण मार्क शेजारी ठेवून तुलना करायची नाही. पुस्तक बदललं की आकड्याचा भाव बदलतो. तुलना करायचीच तर ई ची करा.

मर्सिन, जुलै २०१८. सरासरी १४.१५०, गोल्ड. नुसतं बघितलं तर रिओपेक्षा जवळजवळ एक मार्क कमी, वाटतं उतरती कळा लागली. फोडून बघा, डी ५.४ आणि ५.६, ई ८.७ आणि ८.६. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर, सोपे व्हॉल्ट पण दोन्ही सारख्या दर्जाचे, आणि प्रोडुनोव्हावरच्या ८.२६६ पेक्षा दोन्ही स्वच्छ. पूर्ण वेगळी जिम्नॅस्ट झाली होती ती तोवर. त्याच नोव्हेंबरला जर्मनीत कॉटबुसच्या वर्ल्ड कपला १४.३१६ करून ब्राँझ.

बातम्यांमधला "पहिली भारतीय" हा शब्द वाचताना जरा सांभाळून. जिम्नॅस्टिक्समध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिप वेगळी, वर्ल्ड कप वेगळा आणि वर्ल्ड चॅलेंज कप आणखी वेगळा, वजनाने या क्रमाने उतरत जातात. अरुणा बुद्दा रेड्डीने फेब्रुवारी २०१८ ला मेलबर्नच्या वर्ल्ड कपमध्ये ब्राँझ घेतलं ते भारताचं पहिलं वर्ल्ड कप मेडल. मर्सिन होतं वर्ल्ड चॅलेंज कप, तिथे दीपाचं पहिलं गोल्ड. २०१५ ला ग्लासगोच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला दीपा व्हॉल्टमध्ये पाचवी होती आणि माझ्या मते ते पाचवं स्थान मर्सिनच्या गोल्डपेक्षा भारी आहे, कारण समोर सगळं जग होतं. मेडलचा रंग बघायच्या आधी स्पर्धेचं नाव बघा, एवढंच.

मग मधला वाईट काळ. गुडघ्याने परत त्रास दिला, टोकियोची वाट बंद झाली (तिथे भारताकडून प्रणती नायक गेली). ऑक्टोबर २०२१ ला स्पर्धेबाहेर घेतलेल्या सॅम्पलमध्ये हायजेनामिन सापडलं आणि २१ महिन्यांची बंदी लागली, जुलै २०२३ पर्यंत. हे वाचताना लोक दोन टोकं गाठतात, एकतर "डोपर निघाली" नाहीतर "बिचारीला अडकवलं". हायजेनामिन काही झाडांमध्ये आणि त्यामुळे काही सप्लिमेंटमध्ये असतं, बंदीच्या यादीत आहे, ते नकळत शरीरात गेलं असं तिचं म्हणणं होतं. पण डोपिंगच्या नियमात तुमच्या शरीरात काय गेलं याची जबाबदारी तुमचीच असते, मुद्दाम घेतलं की नकळत गेलं याचा परिणाम शिक्षा किती यावर होतो, दोष आहे की नाही यावर फारसा नाही. घरात कोणी पोरगं सिरियसली खेळत असेल तर हा भाग दोनदा वाचा, प्रोटीन पावडरच्या डब्यासकट.

शेवटचा व्हिडिओ ताश्कंद, मे २०२४, एशियन चॅम्पियनशिप. १३.५६६, गोल्ड, या स्पर्धेत भारताचं पहिलंच. २०१५ ला हिरोशिमात याच स्पर्धेत तिचं ब्राँझ होतं. वय ३०, गुडघ्याच्या कटकटी आणि बंदी मागे टाकून. आता तुम्हाला १३.५६६ बघून "कमी झाले की" असं वाटणार नाही, कारण मधे पुस्तक दोनदा बदललंय हे तुम्हाला माहितीये. लँडिंग बघा, आणि तेच रिओच्या लँडिंगशेजारी लावून बघा, कंबर कुठे आहे ते तपासा.

७ ऑक्टोबर २०२४ ला तिने निवृत्ती जाहीर केली. कागदावर आता चार ओळी झाल्या असतील. वेळ उरला तर तसाच तक्ता चुसोविटिनाचा करा, फक्त कागद मोठा घ्या, ती १९९२ पासून टोकियोपर्यंत ऑलिम्पिक खेळलीय.